मधलं नाव

साडेआठला अकाउंट्सचा क्लास सुटतो,
मग नारायण पेठेतली ही खोली आमची.
फळ्यावर जमा आणि नावे तसेच राहिलेले,
त्यांच्याखाली मी लिहिते: आठशे बारा पानं.
शार्दूल पुसतो. लिहितो: सत्तर मिनिटं.
चार गळे, पाच वाद्यं.

पहिल्या आठवड्यात घोडे गेले.
मग तिन्ही जनरल, शिकारीची रात्र,
मावशीचं मृत्युपत्र, अख्खं युद्ध.
एक दासी होती, दोनच वाक्यांची.
तिला खोडायच्या वेळी मात्र
मी चहाला म्हणून खाली गेले.

बर्फापाशी अडलो.
हेमांगी म्हणाली, हा शब्द गाता येत नाही,
शेवटाला तोंडाचं दार लागतं.
खरंय. आणि पुण्यात बर्फ म्हणजे
रसवंतीच्या दारात गोणपाटाखालची लादी,
तिने काय कुणाचं घर गाडलं जाणार?
हिम लिहिलं. भूगोलाचा पेपर वाटला.
शेवटी शब्दच काढला.
कॅम्पातून चेलो पाठीला बांधून
स्कूटरवर येणारा नोएल
घोडीजवळ नुसता गज घासतो आता
(कादंबरीतली एवढी एकच घोडी उरली)
आणि एप्रिलच्या पंख्याखाली
आम्ही ओढण्या खांद्यावर घेतो.

नावांचं सोपं जाईल वाटलं होतं.
स्वतःचं, बापाचं, मग आडनाव:
रेशनकार्डावर वाढलेल्यांना यात काय शिकवायचं?
पण तिकडे लग्नानंतरही मध्ये बापच राहतो.
इकडे माप ओलांडलं
की मधला माणूस बदलतो.
चौथ्या प्रवेशात ती नवरा सोडते,
दारात उभी राहून पूर्ण नाव सांगते स्वतःचं.
मूळ पानावर ते एका दमात येतं.
मी तीन रात्री मराठीत लिहिते आहे,
आणि मध्ये कुणाला उभं करू, कळत नाही.

हेमांगी पेन्सिलीला टोक काढत होती.
म्हणाली, मागच्या महिन्यात बँकेत
मी तो रकाना कोरा ठेवला.
क्लार्क म्हणाला, मॅडम, राहिलं.
म्हटलं, राहिलं नाहीये.

कोर्टाचं कुणी काही विचारलं नाही.
शार्दूलने पाच रेघांवर
दोन मात्रांचा विराम काढला,
माझ्याकडे न बघता माझी ओळ खोडली.
मला राग आला. मग नाही आला.

काल पहिल्यांदा उभं राहून म्हटलं तिने.
नाव आलं, उंच, जरा थरथरत.
मग काहीच नाही.
खाली गल्लीत कुणीतरी
पार्किंगवरून शुद्ध मराठीत भांडत होतं,
ते सगळं वर ऐकू आलं,
नोएलचा गज हवेत,
फळ्यावर कुणाची तरी येणी-देणी.
मग आडनाव.

विराम लांबला, शार्दूल म्हणाला.
लांबला, हेमांगी म्हणाली,
आणि बाटली उघडून पाणी प्यायली.