चट

वखारीत तंबाखू निवडून माझी बोटं
कवाच काळी पडली. साबण लावला तरी
भाकरीला वास येतोच. सिद्धू ल्हान असताना म्हणायचा,
आई, तुझी भाकरी खोकती.

आता त्यो बेळगावात, वॉर्डात, खिडकीकडच्या खाटंवर.
बावीस वर्षांचा. नाक गळतंय, जांभयांवर जांभया,
अंगावर काटा, पिसं उपटलेल्या कोंबडीगत.
मी म्हणालो, थंडी वाजती काय रं?
त्यो म्हणाला, हाडात वाजती.

सिस्टर म्हणाली, ह्याला ताप समजू नका मावशी,
गोळी बंद झाली की अंग असंच भांडतं.
कंबरेला म्हणून घेतलेली गोळी.
टेम्पोवर हमाली, निपाणी ते चिकोडी,
दिसाला दोनशे पोती.
मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली न्हाई.
पयली एक. मग एकीला कंबर ऐकंना, म्हणून दोन.
मग कंबर ऱ्हायली बाजूला,
नुस्तं माणसासारखं उभं ऱ्हायाला आठ.

डॉक्टर कानडीत बोलत हुते.
मला कानडी येतं त्ये बाजारापुरतं,
वांग्याचा भाव, बसची वेळ.
त्यांच्या एवढ्या लांब बोलण्यातला
एकच शब्द माझ्याजवळ येऊन बसला:
चट.
त्यांच्यात बी चट, आमच्यात बी चट.
किती पाट्या पुसल्या, किती मोर्चे निघाले हितं,
ह्या शब्दावर कुणी दावा लावला न्हाई.

मी त्यांना तांब्याचं सांगितलं,
सिद्धूनं विकलेल्या पितळी तांब्याचं.
मग त्यांनी माझ्यासाठी मोडकं मराठी जुळवलं:
चोर नाही तुमचा मुलगा. आजारी आहे.
मेंदूला सवय लागली, ती नुसत्या जिद्दीनं जात नाही.
औषध आहे. वेळ लागणार. परत घसरेल पण.
घसरला तर मारू नका, घेऊन या.
आणि हे लक्षात ठेवा. महिनाभर बंद राहिला
आणि मग एकदम जुन्या आठ गिळल्या,
तर श्वास थांबतो.
अंग विसरलेलं असतं. हात विसरत नाही.

ह्ये शेवटचं मी पदराला बांधलं,
परतीच्या तिकिटाच्या पैशाशेजारी.

भाईर आलो. पायरीवर बसलो.
कनवटीची डबी काढली, मिश्रीची,
बोट बुडवून दातावर फिरवलं. डोस्कं जाग्यावर आलं.
आणि तवा बोटाकडं बघत ऱ्हायलो.
तीस वर्षं.
सासूनं लावली, भूक मरती म्हणून.
मरती, खोटं न्हवं.
पोटुशी असताना बी सोडली न्हाई.
पोटात कोण हुतं त्ये सांगाय नको.

आणि मी त्याला म्हणत हुतो,
मनावर घेतलंस तर एका दिसात सुटंल.

मग घेतलं मी मनावर.
शेजारच्या खाटंजवळ मुनीराबी हुती, नवऱ्याला घेऊन आलेली,
तिच्याकडं डबी ठेवाय दिली.
दुपारपतोर कपाळ फुटाय लागलं.
चहाच्या पोरावर खेकसलो, उगंच.
सलाईनचे थेंब मोजाय बसलो तर
मनात डबी, डबीचं झाकण,
झाकण उघडतानाचा त्यो बारका आवाज.
सिद्धू बघत हुता.
आठ दिसांनी पयल्यांदा हसला.
हाडात वाजती का गं?

घरी गेल्यावर काय हुईल ठाव न्हाई.
निपाणीत वाऱ्यातच तंबाखू हाय,
वाऱ्याला कुठल्या वॉर्डात घालणार?
आणि त्यो मेडिकलवाला आमच्याच बोळाच्या तोंडाला,
बोर्डवर हिरवा दिवा, रातभर.

रात्री मुनीराबी झोपली. डबी तिच्या उशाखाली,
मला दिसत हुतं कुठं ती.
उठलो. दोन पावलं टाकली.
सिद्धू जागाच हुता. बोलला काय न्हाई,
पाय गोळा करून खाटंवर जागा केली.
बसलो.
त्याच्या पोटरीवर हात ठेवला, काटा अजून हुता.

सकाळचं इचारू नका.
रात तेवढी काढली आमी.