खाडाखोड चालणार नाही

रात्रीचे पावणेतीन.
शलाका डाव्या कुशीवर, मधे तीन उशा,
उशांच्या अलीकडे उरलेल्या नऊ इंचांत मी.
तू अजून आला नाहीस, आली नाहीस,
आणि माझी पलंगावरून बदली झालीसुद्धा.

आपली तशी ओळख नाही,
म्हणून कामाचं आधी सांगतो.
तुझा बाप वॉर्ड ऑफिसात जन्माच्या खिडकीवर बसतो.
सतरा वर्षांत अर्ध्या परळला मी जन्माला घातलंय,
कागदावर.
लोक पेढे देऊन जातात, दोन वर्षांनी भांडायला येतात,
‘तुम्ही आमच्या ऋग्वेदचा रुग्वेद केलात!’
मी म्हणतो, प्रतिज्ञापत्र आणा.
प्रतिज्ञापत्राशिवाय मी सख्ख्या भावाची
वेलांटीसुद्धा हलवलेली नाही.
तो अजून बोलत नाही माझ्याशी.

नावाचं म्हणशील तर
तुझ्या आजीने श्रीवर्धनहून यादी पाठवलीय,
बावीस नावं, सगळी देवांची, मागच्या पानावर सुपाऱ्यांचा हिशेब.
आत्याने फोनवर अकरा सांगितली,
त्यातल्या सातांचा अर्थ ‘प्रकाशकिरण’ आहे म्हणे.
शलाकाला असं नाव हवंय
जे शाळेत कुणाला चिडवता येणार नाही.
अनुभवाने सांगतो, असं नाव नसतं.
पोरं हुशार असतात.
माझंच बघ, दिगंबर.
सातवीत सरांनी समास सोडवून
अर्थ फळ्यावर लिहिला.
पुढचं तू मोठा झालास, झालीस, की सांगेन.

आणि एक कबुली.
मागच्या दिवाळीत हप्त्यांवर छताला पीओपी केलं,
पाच हप्ते अजून बाकी आहेत,
आणि पाळण्याची कडी त्याच्या आत गाडली गेली.
आठ दिवस मी स्टुलावर उभा राहून
बोटाच्या पेरांनी छत ठोकतोय,
ठक ठक, कान लावून, डॉक्टर छाती तपासतात तसा.
सगळीकडे पोकळ.
वरचे गुप्ते परवा खाली आले,
‘काय हवंय का?’
म्हटलं, कडी.
त्यांना कढी ऐकू आलं. रात्री वाटीभर घेऊन आले.
चांगली होती.

आज जेवणाच्या सुट्टीत
कोणी बघत नाही असं बघून
कोरा फॉर्म घेतला. पेन्सिलने भरून पाहावा म्हटलं.
पत्ता लिहिला. आईचं नाव लिहिलं, झोकात.
मग ‘वडिलांचे संपूर्ण नाव’.
या रकान्यात किती जणांना अडकताना पाहिलंय,
घाम पुसणारे, पेन मागून परत न देणारे.
मीच कितींना म्हटलंय,
‘अहो, स्वतःचं नाव विसरलात काय?’

तर,
आडनाव आधी की नंतर, तेच आठवेना.
शेजारच्या खिडकीतून तांडेल वाकला.
तो मृत्यू बघतो. त्याला चार मुली.
एकीला हाक मारायची तर बाकी तिघींवरून जाऊन येतो.
‘अर्जदार,’ म्हणाला, ‘खाडाखोड चालणार नाही हां,’
आणि डब्यातला बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या झाकणात टाकला.

तीन वाजून दहा.
फ्रिज थरथरून गप्प झाला.
आता ऐकू येतंय, म्हणजे हाताला कळतंय,
उशांचा घाट ओलांडून पोचलेल्या हाताला.
ठक.
थांबून पुन्हा, ठक.
मी पेरांनी अगदी हळू उलट ठोकतो.
पोकळ नाही.
भरीव आहे, एकदम भरीव,
याच्यावर काहीही टांगता येईल.

शलाका डोळे न उघडता म्हणते,
‘दिगू, तिथं ड्रिल नको.’