आत्ता काय लावलंय?

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
सकाळी साडेसहाला द्रावा नदीवर धुकं असतं
आणि मारिबोरच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
वजनकाट्यापुढे आम्ही चौघं खजील.
दोन दिवसांत कुणी किती पाणी चोरून प्यायलं
ते काटा सगळ्यांदेखत सांगतो.

‘बरं आहे ना?’ असं इथं कुणी विचारत नाही.
बरं असतं तर आलो कशाला असतो.
टिंकारानं सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या,
की पलीकडच्या खुर्चीतून प्रश्न येतो:
आत्ता काय लावलंय?

त्सिरिल ब्रुकनर लावतो.
पोहोर्येच्या रानात तीस वर्षं झाडं मोजली त्यानं.
‘चार तास बसायचंच आहे,’ म्हणतो,
‘तर ज्याला संपायची घाई नाही असा माणूस बरा.’
पितळी वाद्यं एकदम उठली
की याचा रक्तदाब चढतो, यंत्र बोंब मारतं,
टिंकारा धावत येऊन आवाज कमी करते.
यंत्राचा नाही, ब्रुकनरचा.

हेर्मिनाला हे सगळं रानटी वाटतं.
तिनं एकेचाळीस वर्षं पियानो शिकवला
लोकांच्या निगरगट्ट पोरांना.
तिचा हायडन. चार वाद्यं, बस्स.
‘चौघं बोलतायत आणि कुणी कुणाला तोडत नाही,
असं घर पाहिलंयस तू?’
मी नव्हतं पाहिलं.

मी गिरणीतली.
मागांच्या खडखडाटात उजवा कान अर्धा गेलेला.
पहिल्या आठवड्यात म्हणाले, मला यातलं काही कळत नाही.
‘कळायचं काय त्यात? तहान लागलीय ना?’
आणि माझ्याच वजनाच्या चिठ्ठीमागे,
एका हातानं, कागद गुडघ्यावरून सरकत असताना,
तिनं काहीबाही लिहून दिलं.
एका बाजूला: दोन किलो चारशे जास्त.
दुसऱ्या बाजूला: संथ भाग आधी ऐक. डोळे मिटू नकोस.

बांधलेल्या हातांनी कुणाला काय देणार?
मग टिंकारा इअरफोन पुसून नेते
या खुर्चीतून त्या खुर्चीत.
माझा पहिला हायडन स्पिरिटच्या वासाचा होता.
अजूनही हात निर्जंतुक करताना
कुठेतरी व्हायोलिन सुरू होतं.

खिडकीशी ओझबाल्ट.
खेड्यापाड्यांतल्या चर्चचे ऑर्गन जुळवत हिंडलेला.
त्याचं उत्तर कधी बदललं नाही.
‘बाख.’
एवढं बोलून तो डोळे मिटायचा
आणि आम्ही आपसूक हळू बोलायचो.

नोव्हेंबरात एकदा मी म्हणाले, मलाही दे थोडा.
त्यानं दोन्ही कानांतले काढून पाठवले.
मी डाव्या कानात घातला, मग उजव्या.
वायर ओढत गेले.
दुसरं टोक मोकळं होतं.
टिंकारानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
‘सुंदर आहे,’ मी म्हणाले, आणि परत पाठवले.

बसथांब्यावर त्यानं स्वतःच विषय काढला.
यंत्र मार्चमध्येच बिघडलं.
नवं घ्यायचं तर विजेचं बिल थांबलेलं.
मग डावी बाही सरकवून,
जिथं शीर दोरखंडासारखी फुगलीय
ते मनगट माझ्या चांगल्या कानाला लावलं.

घूं... घूं...
सुया नसतानाही आत वाहणारं.
‘मोठ्या नळीत आधी हवा येते, सूर नंतर,’ तो म्हणाला.
‘त्या मधल्या पळासाठी जन्मभर कान लावून बसलो.
आता तो रात्रभर चालतो.’
हा बाख आहे? मी विचारलं.
‘छे. पण पट्टी बरोबर आहे.’

त्या रात्री अंधारात मी माझा हात ऐकला.
माझी पट्टी जरा वरची,
मागाच्या धोट्यासारखी घाईची.
तहान होतीच. बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवला,
आणि डोळे मिटले नाहीत.

शुक्रवारी पुन्हा: आत्ता काय लावलंय?
‘बाख,’ खिडकीतून.
‘कुठला?’ त्सिरिलनं आज पहिल्यांदाच विचारलं.
ओझबाल्ट गप्प. नळ्या लाल.
मीच म्हणाले, तो खालच्या पट्टीतला.
फार हळू आहे. रात्री ऐकायचा,
एकट्यानं, उशीवर मनगट ठेवून.

त्सिरिल माझ्याकडे बघत राहिला,
मग स्वतःच्या हाताकडे.
‘घरी गेल्यावर लावतो,’ म्हणाला.