दोन पांढरे

जानेवारीच्या सुरुवातीला हामरफेस्तला सूर्य येत नाही.
अकरा ते एक नुसता निळा उजेड असतो,
कुणी नीळ कालवलेली बादली
रस्त्यावर ओतून द्यावी तसा.

त्या दोन तासांत रागनफ्रिद दुकानात आली.
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर नीट झाडला.
"छोटा कॅमेरा. या कोटाच्या खिशात मावेल एवढा.
आणि रॉ काढणारा हवा."
एकोणऐंशी वर्षांची बाई,
पण विचारलं असं, जसं मासे घेताना
"आजचेच ना?" विचारतात.

मी काउंटरवर तीन मांडले.
पहिल्याचा झूम एवढा
की समोरच्या बेटावरच्या रेनडिअरचे दात मोजावेत,
पण फोटो फक्त जेपेग.
तिनं तो एका बोटानं बाजूला सारला.

दुसरा हलका, नवा, मागे मोठा पडदा,
सेन्सर अंगठ्याच्या नखाएवढा, रॉ आहे.
तिसऱ्यात तोच सेन्सर. पण कुणीतरी वापरून विकलेला,
कोपऱ्याला पोचा,
तरी सातशे क्रोन महाग.

मग मी पाठ केलेलं बोलत सुटलो:
रॉ म्हणजे कच्चं. कार्ड पटकन भरतं.
थंडीत बॅटरी तासाभरात मान टाकते.
फोटो लगेच पाठवता येत नाही,
घरी नेऊन शिजवावा लागतो.

"पाठवायचाय कुणाला," ती म्हणाली,
आणि चष्मा काढला.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नोव्हेंबरात काढला.
उजव्याची तारीख मार्चमधली.
चाळीस वर्षं तिनं बंदरावर
होड्यांचे रंग कालवले होते.
पांढऱ्याचेच अकरा डबे,
झाकणं अदलाबदल झाली तरी तिला ओळखू यायचे.

"डावा झाकला की तुझी ही भिंत लोण्याची.
उजवा झाकला की
नीळ जास्त झालेली चादर.
मागच्या उन्हाळ्यात भावाची होडी मी पांढरी रंगवली.
आता दिसतं, ती निळसर आहे.
त्याला तेव्हाच दिसलं असणार.
बोलला नाही. तशीच घेऊन जातो समुद्रावर."

माझ्याकडच्या पत्रकात याला उत्तर नव्हतं.

"जेपेग पांढरं काय ते ठरवून मोकळं होतं," ती म्हणाली.
"मला मार्चपर्यंत ठरवायचं नाहीये."

मला पहिल्यांदाच कळलं मी काय विकतो ते.
कच्चं लिंबू: खेळात आहे,
धावतंय सगळ्यांबरोबर,
पण अजून कुणी बाद करू शकत नाही.

तिसऱ्याची कळ दाबली तसा
व्ह्यूफाइंडर टक्कन वर आला,
गोगलगायीच्या शिंगासारखा.
तिनं डावा डोळा लावला.
मग उजवा.
मग पुन्हा डावा, बराच वेळ.

"त्या दुसऱ्याच्या पडद्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघायचं.
तिथं हे दोघे भांडतात.
इथं एका वेळी एकच साक्षीदार."

पोच्याचे थोडे पैसे कमी करतो म्हटलं.
पोचा राहू दे, म्हणाली, किंमतही राहू दे.
हातमोजे घालून बटणं दाबून पाहिली,
दोन चुकली, तिसऱ्यांदा जमलं.
दाराबाहेर पडताच तिनं पहिला फोटो काढला,
माझ्याच दुकानाच्या पायरीवरच्या बर्फाचा.
मी आतून हात केला. तिचं लक्ष नव्हतं.

मार्चअखेर आली, मोठं कार्ड घ्यायला.
ऊन होतं. धक्क्यामागे कॉड
जोडीजोडीनं शेपटीला बांधून टांगलेले.
दोन्ही डोळे आता एका मताचे झाले होते.

जानेवारीच्या फाइली उघडल्यात का, मी विचारलं.

"दोनशे बारा आहेत. एकही नाही.
एकीत होडी आहे, पुढे भाऊ उभा, टोपी कानावर.
ती उघडली की ठरवावं लागेल."
थोडं थांबून, "मुरू देत," म्हणाली.

कार्ड पाकिटात ठेवता ठेवता
माझ्या भिंतीकडे पाहिलं,
आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यानं, सवयीनं.
"ही मात्र
रंगवून घे."