तिसरं रीळ

बोबो-द्युलासोच्या आमच्या सिने यिरिबाला छप्पर नव्हतं.
मागे पत्र्याखाली पैसेवाल्यांच्या लोखंडी खुर्च्या,
पुढे सिमेंटचे बाक, दिवसभराचं ऊन पोटात धरून बसलेले;
रात्री नऊलाही बूड भाजायचं.
पडदा म्हणजे चुना फासलेली भिंत.
डाव्या कोपऱ्यात पोपडा निघालेला,
त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक नायिकेच्या
गालावर एक व्रण असायचा.

सिनेमा एक, थिएटरं दोन.
स्टेशनपाशी रीळ संपलं की मोपेडला बांधून
मी ते इकडे आणायचो,
डबा अजून गरम.

त्या रात्री हरमाटनची धूळ इतकी,
की प्रकाशाचा झोत मुठीत धरता आला असता.
पुलावर चेन तुटली.
गाडी ढकलत निघालो,
खायच्या शिव्या वाटेतच मोजून ठेवल्या.

फाटकाशी आलो, तर आत चिडीचूप.
भिंत कोरी, दिवा चालू,
आणि झोतात उभी कोरोतुमू,
शेंगदाण्याचं घमेलं डोक्यावर तसंच.

अकरा वर्षं ती भिंतीबाहेर बसली.
आत कधी आली नाही;
तिकिटाच्या पैशात दोन दिवसांचं तेल यायचं.
फ्रेंच तिला कळत नसे.
टापा कळायच्या,
दार लोटल्याचा आवाज, बाईचा अडकलेला श्वास,
गोळीच्या आधीची ती चुप्पी.
हा सिनेमा त्या आठवड्यात तिने तीनदा ऐकला होता.

ज्युलात सांगत होती:
आता तो उतरला. टापा हलक्या झाल्या, ऐका.
घोडा पांढरा आहे. बाई रडते आहे, पण त्याला दिसू देत नाही.
एक वटवाघूळ झोतातून गेलं,
तिने तेही घेतलं: हा बघा, निरोप आला.

लासिना ऑपरेटरने खिडकीतून मला हात केला.
थांब.
थांबलो. छातीशी धरलेलं तिसरं रीळ
हळूहळू गार होत गेलं.
तिचं सांगून झालं, तेव्हा कुणी ते मागितलं नाही.
मला उसनी सायकल दिली,
आणि चौथं आणायला पिटाळलं.

पुढे टीव्ही आला, कॅसेटी आल्या,
लासिना गेला, कोरोतुमू गेली.
यिरिबात आता सिमेंटच्या गोण्या रचतात.
भिंत दोनदा रंगवली,
पोपडा मात्र तिथेच उठतो.

गेल्या महिन्यात नातीने, असेतूने, तो सिनेमा फोनवर शोधला.
उशीला टेकवून दोघांनी पाहिला.
तिसरं रीळ आलं.
घोडा तपकिरी.
बाई रडत नव्हतीच,
तो श्वास हसू दाबल्याचा होता.

आजोबा, झोपलात?
नाही, म्हटलं. हे मधलं चुकलंय.

त्या रात्रीच्या बाकांवरची
पाच-सहा माणसं उरलीत अजून.
बाजारात भेटली की हात धरून विचारतात,
घोडा पांढराच होता ना रे?

पांढराच.
रीळ मीच आणत होतो, मला विचारा.