दहा नंबरची पाठ

"गोचिडीसारखा चिकट त्याला," डॉन तबारे म्हणाला,
"चेंडूकडे बघायचंच नाही. चेंडू बाकीच्यांचा.
तुझा फक्त एचेनिके."
मी मान हलवली. गोचिडी मला नव्या नव्हत्या.
कारखान्यात रोज चारशे जनावरं यायची,
कातडं सोलून भिंतीला टांगलं तरी
त्या आपल्या धरूनच.

त्या दुपारी नदीवरून वारा सुटलेला,
फ्राय बेंतोसच्या मैदानात गवतापेक्षा चिखल जास्त.
राजधानीहून आलेला विल्मार एचेनिके
केसांना तेल, मोजे घोट्यांपर्यंत ढळलेले,
कुणाच्या तरी परसात सहज डोकवायला आल्यासारखा.

त्याची पाठ मी आजही काढून दाखवीन.
कॉलरच्या वर तीळ, अर्ध्या मसुराएवढा.
दहामधल्या शून्याची शिवण उजवीकडून उसवलेली.
वळायच्या आधी डावा खांदा किंचित सोडायचा,
आतून हळूच कडी काढावी तसा.
हे मला सातव्या मिनिटाला कळलं.
मग तो ज्या दारातून निघे
त्या दारात मी आधीच.

मारलं नाही हो. लोक म्हणतात, मारलं.
एकदाच, गुडघ्याच्या मागे, पंच पाठमोरा असताना.
बाकी नुसता श्वास. त्याच्या मानेवर माझा श्वास,
जेवणातल्या कांद्यासकट.

उत्तरार्धात त्याने गंमत केली.
रमतगमत कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला
आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.
मीही गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?
तिकडे दहा विरुद्ध दहा चिखल तुडवतायत,
इकडे आम्ही दोघं,
चुकलेल्या बसच्या थांब्यावरचे.

"काम काय करतोस?" मागे न बघता त्याने विचारलं.
"शीतगृहात. धडं लटकवतो."
"थंडी?"
"उणे अठरा."
"मग आज मजा आहे तुझी. ऊब मिळतेय."
हसू आलं होतं. आवरलं.
हसताना माणसाचे डोळे मिटतात.

"माझा बाप पण टांगायचा," तो म्हणाला,
"दोन बोटं तिथेच राहिली त्याची."
कुठली बोटं, ते विचारणार होतो,
तेवढ्यात सगळं मैदान ओरडलं.
आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली.
चेंडू जाळ्यात होता.
कुणाच्या जाळ्यात, ते समजायला जरा वेळ लागला.
"कुणी मारला?" त्याने मला विचारलं.
"मला काय माहीत," मी म्हणालो,
आणि परत त्याचा तीळ बघू लागलो.

घरी नेलिदाने माते भरून पुढे केला.
"किती झाले?"
"एचेनिके शून्य."
"अरे, सामन्याचे?"
मी शेजारच्या ओल्मेदोला विचारून आलो.
एक-एक. दुसरा कधी झाला कोण जाणे.

मंगळवारी पेपर आला. मधल्या पानावर चार ओळी:
'एचेनिके मैदानात कुठे दिसलाच नाही.'
नेलिदाने त्या दोनदा वाचून दाखवल्या.
मला तर दुसरं काहीच दिसलं नव्हतं.
माझं नाव होतं, आडनाव चुकलेलं.

आणि त्याच दिवशी, शीतगृहात,
वरच्या रुळावरून एक धड डुलत आलं.
त्याचा डावा खांदा किंचित खाली.
मी सरकलो.
मागून फोरमन ओरडला, "काय रे, कुठे निघालास?"