चौदा जणांचा राजा

काकानं गादी घेतली तेव्हा
तो मोहफुलांच्या टोपलीत, फुलांखाली, झोपलेला.
वैनगंगेपार वाढला. बकऱ्या राखल्या.
नाव विचारलं की सांगे:
कोंदूशा, सावरताळच्या गढीचा.
बाया हसून आंबील वाढत.

एकदा निघालाच.
आम्ही चौदा जण, तीन भाले,
एक घोडी, तीही गाभण.
दारात काकाचा दिवाण
पानाला चुना लावत म्हणाला,
जन्मल्याची पावती आहे का?

परतताना घोडी व्याली.
रात्रभर तो शिंगराजवळ बसला,
राजेपणाची एकुलती शाल
त्याच्या अंगावर घालून.

मेला तेव्हा निघालं एवढंच:
कुऱ्हाड, दोन बकऱ्या,
आणि राजमोहर, मातीची, त्यानंच भाजलेली.
ती माझ्याकडे असते.
पोळ्याला पोरं गेरूत बुडवून
बैलांच्या पाठीवर उमटवतात.

अक्षरं त्यानं सरळ कोरली होती.
उलटी येतात.